हात लागला आणि झाड फुललं

एक स्त्री झाडाला हात लावते आणि झाड फुलतं. चित्रात घडतं ते इतकंच. वरचं आकाश सोन्याचं आहे. क्षितिज चित्राच्या पार वरच्या बाजूला सरकवलेलं आहे, म्हणून जमीन दूर पसरण्याऐवजी आपल्यासमोर उभी राहते. स्त्री उंच, शेलाटी, कमरेत बारीक. तिची वेणी पाठीवरून खाली लांबच लांब उतरली आहे आणि टोकाला गोंडा आहे. अशी बाई रस्त्यात कधी भेटत नाही आणि असं झाड कुठल्या बागेत उगवत नाही. तरी चित्र पाहताना हात लावल्यावर झाड फुलणारच, याबद्दल मनात शंका येत नाही.

हे चित्र आहे पुण्यात. सदाशिव पेठेत भारत नाट्य मंदिराजवळ भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली ते स्थापन केलं. मोडी कागदपत्रांसाठी ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच मंडळाच्या संग्रहात एक फारसी पोथी आहे, ‘तारीफ-इ-हुसेनशाही’. अहमदनगरचा सुलतान पहिला हुसेन निजामशहा आणि त्याची बेगम यांची स्तुती करणारं हे काव्य आफताबी नावाच्या कवीने रचलं. पोथीत आज १२ चित्रं आहेत. अभ्यासक त्यांचा काळ १५६५ ते १५६९ असा मानतात. दख्खनी चित्रकलेचे जे अगदी आरंभीचे नमुने उरले आहेत, त्यांत ही पोथी मोडते. ती ज्या काळात रंगली तेव्हा पुणे हा निजामशाही मुलखातला एक कसबा होता. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस निजामशहाकडून पुणे-सुप्याची जहागीर मालोजी भोसल्यांकडे आली. म्हणजे पोथी पुण्याला परकी नाही. आपल्याच मुलखाच्या जुन्या राजधानीतून ती इथे आली आहे.

आता त्या फुलणाऱ्या झाडाकडे वळू, कारण खरं नवल तिथे आहे. काव्य फारसी, सुलतान शिया मुसलमान, दरबारात इराणी विद्वानांचा राबता. आणि चित्राचा विषय मात्र थेट संस्कृत काव्यातला, दोहदाचा.

जुने कवी असं मानत की गर्भारशीला जसे डोहाळे लागतात तसे झाडांनाही लागतात, आणि ते पुरवले की झाड बहरतं. प्रत्येक झाडाची हौस वेगळी. अशोकाला सुंदर स्त्रीच्या पायाचा प्रहार हवा. बकुळीला तिच्या तोंडच्या मद्याची चूळ हवी. तिलकाला नुसती नजर पुरते. कुरबकाला मिठी हवी, प्रियंगूला स्पर्श, चाफ्याला तिचं हसू, कर्णिकाराला तिचं नृत्य. नमेरूला गाणं ऐकवावं लागतं. मेघदूताचा टीकाकार मल्लिनाथ ही यादीच देतो. मेघदूतातला यक्ष आपल्या घरची खूण सांगताना अंगणातले अशोक आणि बकुळ विसरत नाही. एकाला माझ्या प्रियेचा डावा पाय हवा असतो आणि दुसऱ्याला तिच्या मुखातलं मद्य, असं तो ढगाला सांगतो.

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त तर सगळं नाटकच या डोहाळ्यावर फिरतं. राणी धारिणी झोक्यावरून पडते, तिचा पाय दुखावतो, आणि अशोकाला फुलवण्याचं काम ती मालविकेवर सोपवते. पाच रात्रींच्या आत अशोक फुलला तर मागशील ते देईन, असा शब्द देते. मालविकेच्या पायाला अळता लावला जातो, नूपुर चढवले जातात, ती झाडाला पाय लावते आणि झाड फुलतं. दासी म्हणून वावरणारी ही मालविका मुळात विदर्भाची राजकन्या. त्यामुळे दोहदाची ही सगळ्यांत गाजलेली गोष्ट आपल्या वऱ्हाडच्या मुलीची आहे, हे मला फार आवडतं.

कालिदासाच्याही आधी दगडात ही कल्पना कोरलेली आहे. सांचीच्या तोरणावर एका हाताने आंब्याची फांदी धरून झुकलेली यक्षी इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकातली आहे. तिथून अहमदनगरच्या पानापर्यंत दीड हजार वर्षांहून जास्त अंतर आहे. एवढ्या काळात राज्यं बदलली, भाषा बदलल्या, आणि झाडाखालची बाई टिकून राहिली.

कवींना हे सुचलं कसं, याचा विचार करताना खरा अशोक पाहावा. पुण्यातल्या सोसायट्यांच्या कुंपणाशी सरळसोट उभा असतो तो नव्हे; तो खोटा अशोक, त्याची फुलं पोपटी आणि पानांत हरवणारी. खरा म्हणजे सीतेचा अशोक. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दिवसांत तो फुलतो आणि त्याचे गुच्छ नव्या डहाळ्यांपुरते राहत नाहीत, जुन्या जाड फांद्यांवर, अगदी खोडावरही येतात. आधी पिवळट केशरी, मग दिवस जातील तसे लालभडक. या फुलाला पाकळ्या नसतातच. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती रंगलेली निदलं असतात. कालपर्यंत काळसर, कोरडं दिसणारं खोड एके सकाळी जागोजागी पेटलेलं दिसतं. पाय किंवा हात सहज पोहोचेल त्या उंचीवर फूल उगवलेलं पाहून, इथे कुणाचा तरी पाय लागला असणार, असं एखाद्या कवीला वाटलं असेल तर त्याने झाड नीटच पाहिलं होतं, असं मी म्हणेन.

फारसी दरबारात ही कल्पना शिरली कुठून, हा प्रश्न निजामशाहीच्या बाबतीत फार अवघड नाही. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा बाप मुळात ब्राह्मणाचा मुलगा होता, विजयनगरच्या मुलखातून बहमनी दरबारात आला आणि मुसलमान झाला, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. या घराण्याची नाळ तो परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या कुलकर्ण्यांशी जोडतो. निजामशहाच्या पदरी असलेल्या दलपतिराजाने ‘नृसिंहप्रसाद’ नावाचा धर्मशास्त्राचा मोठा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. नायिकाभेदावरच्या भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’त निजाम राजाचं नाव येतं. दरबारात फारसी होती, दफ्तरात आणि गावगाड्यात मराठी होती, आणि संस्कृत पंडितांनाही जागा होती. अशा ठिकाणी एखाद्या चिताऱ्याला किंवा त्याच्या धन्याला दोहद माहीत असणं स्वाभाविक होतं. नवल आहे ते त्यांनी ती कल्पना सुलतानाच्या स्तुतीच्या पोथीत आणून बसवली याचं.

चित्राच्या जवळ जाऊ. बाईच्या अंगावरची चोळी आणि गोंड्याची लांब वेणी ही उत्तरेची, माळव्याकडच्या चित्रपरंपरेतली. रंगांची ठेवण पश्चिम भारतातल्या जुन्या पोथ्यांशी नातं सांगते. वरचं सोनेरी आकाश आणि उंच चढवलेलं क्षितिज इराणी. आणि साडी? ती नितंबांच्या खालून अंगाभोवती वळसा घेऊन जाते. हे नेसणं दक्षिणेचं आहे. आंध्रातल्या लेपाक्षीच्या वीरभद्र मंदिरात, छतावरच्या भित्तिचित्रांत, बायका अशाच नेसलेल्या दिसतात. लेपाक्षी म्हणजे विजयनगरचा मुलूख.

इथे क्षणभर थांबावं लागतं, कारण ही पोथी कशासाठी लिहिली गेली ते आठवतं. २३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पाडाव केला. अहमदनगरला १५४९ साली ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’ तोफ त्या रणात होती. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. विजयनगरचा कारभार पाहणाऱ्या वृद्ध रामरायाचं शिर हुसेन निजामशहाच्या हुकमाने उडवलं गेलं. पोथीतली काही चित्रं याच युद्धाची आहेत. म्हणजे ज्या पोथीत विजयनगरच्या विनाशाचा जल्लोष आहे, त्याच पोथीतल्या सुंदर स्त्रीच्या अंगावर विजयनगरची साडी आहे. जिंकलेल्यांनी हरलेल्यांचं सौंदर्य आपलं मानलं. राजकारणाच्या इतिहासात हे सापडत नाही. ते शोधायला चित्रच पाहावं लागतं.

आणि आता ती लांबी. बाई इतकी उंच का, कंबर इतकी बारीक का, शरीर असं डौलात झुकलेलं का? चिताऱ्याला माप जमलं नाही, असं म्हणणं सोपं आहे आणि चूक आहे. याच्या उत्तरासाठी मला त्याच काळातल्या इटलीकडे पाहावंसं वाटतं. अहमदनगरात ही पोथी रंगत होती तेव्हा फ्लॉरेन्समध्ये ब्रोन्झिनो हा मेडिची घराण्याचा दरबारी चित्रकार हयात होता. तिथेही शरीरं लांबत होती. लिओनार्दो, राफाएल, मायकेलअँजेलो यांनी माणसाचं शरीर हुबेहूब आणि प्रमाणबद्ध कसं रंगवावं याचा कळस गाठला होता. राफाएल १५२० साली गेला. नंतरच्या पिढीपुढे प्रश्न होता, आता पुढे काय? त्यांनी निसर्ग बाजूला ठेवून डौलालाच विषय केलं. माना लांबल्या, बोटं निमुळती झाली, अंगाला नागमोडी पीळ पडला. पार्मिजानीनोची लांब मानेची मॅडोना त्यांतलीच. कलेच्या इतिहासात या रीतीला मॅनरिझम म्हणतात.

ब्रोन्झिनोचं सगळ्यांत प्रसिद्ध चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. १५४५च्या सुमाराचं. व्हीनस ही प्रेमाची देवता आणि तिचा मुलगा क्युपिड, दोघंही संगमरवरासारखी थंड, गोरी आणि अशक्य वळणांत बसलेली. क्युपिडने ज्या ढबीत गुडघा टेकला आहे, त्या ढबीत माणूस क्षणभरही टिकणार नाही. बाजूला एक मुलगा हसत गुलाबाची फुलं उधळतोय आणि त्याच्या पायात काटा रुतलाय, त्याला त्याचं भान नाही. त्याच्या मागे गोड चेहऱ्याची एक मुलगी मधाचं पोळं पुढे करते. नीट पाहिलं की कळतं, तिचं खालचं अंग खवल्याचं आहे, शेपटीला नांगी आहे, आणि तिचे हात उलटे आहेत; उजव्या दंडाला डावा पंजा, डाव्या दंडाला उजवा. वर म्हातारा काळ निळा पडदा ओढतो आहे. हे चित्र फ्रान्सच्या राजाला नजराणा म्हणून गेलं. दरबारी मंडळींनी त्यापुढे उभं राहावं, कोडं सोडवावं, वाद घालावा, यासाठी ते काढलेलं होतं. उलट्या हातांची ती मुलगी पाहून ब्रोन्झिनोला हात काढता येत नव्हते असं कुणी म्हणणार नाही.

तोच न्याय आपल्या चिताऱ्याला का नको? दोन्ही दरबारांनी एकमेकांची चित्रं पाहिली होती, असं मला म्हणायचं नाही. युरोपीय माणसं आसपास होती हे खरं: पोर्तुगीज चौलला होते, आणि गोव्याचा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता हुसेनच्या बापाला, बुऱ्हाण निजामशहाला, औषधपाणी करत होता. पण चित्रांची ही रीत उसनी घेतलेली नाही. साम्य आहे ते गरजेत. श्रीमंत, सुशिक्षित, काव्य जाणणारा दरबार समोर असला की चित्राला हुबेहूबपणाची सक्ती उरत नाही. पाहणाऱ्याला गोष्ट आधीच माहीत असते. मग चिताऱ्याने दाखवायचं असतं ते गोष्टीतलं सत्त्व. स्पर्शाने झाड फुलवणारी बाई साध्या मापाची असून कशी चालेल? तिच्या कमरेचा बारीकपणा, वेणीची लांबी, झुकण्याचा डौल, हे सगळं मिळून झाडाला फुलण्याचं कारण पुरवतात.

आणखी एक तुलना मनातून जात नाही. युरोपातही बाई आणि झाड यांची एक पुराणकथा आहे. रोमन कवी ओव्हिडने ती सांगितली. अपोलो देव डॅफ्नीच्या मागे लागतो, ती जीव तोडून पळते, आणि तो गाठणार तेवढ्यात नदीदेव असलेल्या बापाला हाक मारते. तिच्या अंगावर साल चढते, केसांची पानं होतात, हातांच्या फांद्या, पायांची मुळं. ती लॉरेल होते. व्हेनिसच्या व्हेरोनेसेने याच सुमारास ही कथा रंगवली. ते चित्र आज अमेरिकेत सॅन दिएगोला आहे. तिथे पुरुषाचा स्पर्श टाळण्यासाठी बाई झाड होते. इथे बाईच्या स्पर्शाने झाड जागं होतं. एका कथेत झाड हा बाईचा शेवट आहे, दुसरीत बाई हा झाडाचा आरंभ. दोन्ही फार सुंदर कथा आहेत, पण मला विचाराल तर मी अहमदनगरच्या बाजूने उभा राहीन. जगाला हात लावला तर ते उत्तर देतं, हा विश्वास त्या पानावर आहे.

ती बाई कोण? मला वाटतं ती राणीच आहे, निदान राणीची सावली आहे. हुसेन निजामशहा तालिकोटनंतर काही महिन्यांतच, जून १५६५मध्ये वारला. मुलगा मुर्तझा लहान होता, म्हणून कारभार बेगम खुंजा हुमायूनच्या हाती आला. पुढे १५९५-९६ साली मोगलांच्या वेढ्यात अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी ती हिचीच लेक. खुंजा हुमायूनच्या कारकिर्दीत ही पोथी रंगली असं मानतात, कारण राणी सुलतानाच्या शेजारी इतक्या ठळकपणे, इतक्या मानाने बसलेली त्या काळच्या दरबारी चित्रांत क्वचित दिसते. राज्य चालवणाऱ्या बाईला, जिच्या हाताने झाड फुलतं अशा बाईच्या रूपात पाहणं, ही स्तुती किती नेमकी आहे! जिच्या हाती कारभार, तिच्या हाताला गुण.

१५६९ साली मुर्तझाने आईला कैद करून सत्ता आपल्या हाती घेतली. त्यानंतर पोथीतली राणीची आकृती अनेक ठिकाणी मिटवून टाकली गेली. सुलतान सिंहासनावर आहे, भोवती दासी आहेत, आणि राणी बसली होती तिथे तिची आकृती बुजवलेली दिसते. एका सत्तांतराची ही खूण कुठल्याही तवारिखेतल्या ओळीइतकीच स्पष्ट आहे. लंडनच्या व्हीनसवरही पुढच्या सोवळ्या मंडळींनी रंग चढवून काही भाग झाकले होते. विसाव्या शतकात ते साफ करून मूळ चित्र मोकळं केलं गेलं. आपल्या राणीचं तसं झालेलं नाही. पण झाडाखालच्या बाईचं चित्र पोथीत आहे, आणि तिने हात लावलेलं झाड साडेचारशे वर्षं फुललेलंच आहे. खुंजा हुमायूनला पुसू पाहणाऱ्यांना तेवढं जमलं नाही, असं मी समजतो.

मोठी कला पाहायची तर फ्लॉरेन्स किंवा लंडन गाठावं लागतं, असं आपल्याकडे अनेकांना अजून वाटतं. ब्रोन्झिनोच्याच काळात, त्याच्याइतक्याच आत्मविश्वासाने रंगवलेलं, विदर्भाच्या मालविकेशी, सांचीच्या यक्षीशी, इराणच्या सोनेरी आकाशाशी आणि लेपाक्षीच्या साडीशी एकाच वेळी नातं सांगणारं पान आपल्या शहरात आहे. डॉ. जी. टी. कुलकर्णी आणि डॉ. म. श्री. माटे यांनी ही पोथी संपादित केली आणि मंडळाने ती १९८७ साली प्रसिद्ध केली. पुण्यात असाल तर मंडळात जा आणि तो ग्रंथ मागून बघा. शाळा-महाविद्यालयांत चित्रकला किंवा इतिहास शिकवत असाल तर विद्यार्थ्यांना घेऊन जा. आणि अहिल्यानगरकरांना, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरकरांना, माझी वेगळी विनंती आहे: ही पोथी तुमच्या गावात जन्मली. तिच्या बाराही चित्रांच्या चांगल्या, मोठ्या छपाईच्या प्रती तुमच्या शहरात, लोकांना रोज दिसतील अशा ठिकाणी लागल्या पाहिजेत. त्यासाठी मागणी करा.